बारांतले दोन

फ्लॅट बुश,
शुक्रवार दुपार

प्रिय मृदुला,

हे पत्र उद्या श्रिया तुझ्या हातात देईल. पाकिटाला चारी बाजूंनी सेलोटेप लावलीय ती लेकीवर अविश्वास म्हणून नव्हे. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही, आणि उत्तर ती इंग्रजीतच देते. सेलोटेप आहे तिच्या ओल्या टॉग्जसाठी, म्हणजे पोहायच्या कपड्यांसाठी. सुट्टीला म्हणून आली, रोज पूलवर गेली, आणि आता ते लक्तर बॅगेत कोंबून वेलिंग्टनला परत निघालीय. त्याच बॅगेत तुझ्यासाठी मेतकूट आहे. तो डबा मात्र दोन पिशव्यांत घातलाय.

फोन करता आला असता. पण फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "जाऊ दे ना, विभाताई" म्हणतेस, आणि मी जाऊ देते. पत्राला मध्येच जाऊ दे म्हणता येत नाही. ते शेवटपर्यंत वाचावं लागतं नाहीतर फाडावं लागतं, आणि तू फाडणाऱ्यांतली नाहीस. दुसरं म्हणजे, यात यशोधनचं नाव येणार आहे. वेलिंग्टनला जॉन्सनव्हिलच्या तुझ्या त्या दोन खोल्यांत ते नाव कुणी घ्यायचं नाही, हे मला माहीत आहे. पण सोमवारी मनुकाऊच्या कोर्टात नवऱ्यावरची तुझी केस उभी राहिली की दिवसभर तेच ऐकायचंय. इथे थोडी सवय करून घे.

आधी इकडची खबरबात. थंडी मरत नाही. माओरी नववर्षाला, मातारिकीच्या सुट्टीत जी सर्दी धरली ती ऑगस्ट संपत आला तरी नाकात मुक्कामाला आहे. आमच्या मागच्या टेकडीवर आणखी घरं उठली, सगळी राखाडी, सगळ्यांना दोन गॅरेज. मोटरवेवर चढायला आता पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. आणि आपलं मंडळ सध्या न्यायदानाला बसलंय.

थट्टा नाही. सरकारने जूरीबद्दल लोकांची मतं मागवलीत. कोर्टांत खटले तुंबलेत, बायामाणसं वर्षं वर्षं तारखेची वाट बघतात, हे तुला मी काय सांगू. सध्याचा नियम असा, की ज्या गुन्ह्याला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा होऊ शकते तिथे आरोपी म्हणू शकतो, मला एकटा जज नको, बारा जणांची जूरी हवी. ती मर्यादा तीनवर न्यावी, की पाचवर, की सातवर, असा प्रश्न आहे. खालच्या केसेस जजने एकट्याने उरकाव्यात, म्हणजे लवकर उरकतील. गणपतीला श्रीखंड की बासुंदी यावर तीन मीटिंगा घेणाऱ्या आपल्या मंडळाने यावर तासाभरात ठराव केला: जूरीला हात लावू नका. निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गणपतीत नाटुकली लिहिते, आणि जी बाई फार्स लिहू शकते ती सरकारला काहीही लिहू शकते अशी मंडळाची समजूत आहे. ती फारशी चुकीची नाही.

गंमत पुढेच आहे. आपल्या मोहनच्या डेअरीत, त्या कोपऱ्यावरच्या दुकानात, पोरं घुसली होती ती केस आठवते का? सिगरेटी, गल्ला, काउंटरची काच, सगळं गेलं. जूरीने त्यातला एक पोरगा सोडला. तेव्हा आपले तहहयात अध्यक्ष काशिनाथ, मंडळ भरतं त्याच शाळेच्या हॉलमध्ये, तोच सामोसा हातात धरून काय म्हणाले होते? "बसड्रायव्हर, कॉफी विकणारी पोरगी आणि एक निवृत्त माळी, हे ठरवणार कायदा? आपल्याकडे केव्हाच मोडीत काढली जूरी, शहाणपणा केला." टाळ्या पडल्या होत्या. या वेळी तेच काशिनाथ माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, निवेदनात घाला, आपल्याकडे पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे तर बारा मुखं आहेत." टाळ्या पुन्हा पडल्या. मी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं, कारण इतकं चांगलं वाक्य मला सुचलं नसतं. माणसाने मत बदलू नये असं नाही. पण ते कशाने बदललं ते बघावं. मधल्या काळात एवढंच झालं होतं, की यशोधनने जूरी मागितली होती.

मला जूरीबद्दल राग नाही, हे तुला ठाऊक आहे. मंडळात जूरीवर बसलेली मी एकटी. बाकी सगळ्यांना बोलावणं आलं की पाठीचा मणका सरकतो, नाहीतर आई पुण्याहून येते. माझ्या नवऱ्याने, रमणने तर एकदा कळवलं होतं, मला इंग्रजी नीट येत नाही. चाळीस माणसांच्या टीमला रोज सकाळी इंग्रजीत झापणारा हा गृहस्थ. मी गेले. चिठ्ठीतून माझंही नाव निघालं. नाव निघालं की बाकावरून उठायचं आणि सगळ्या कोर्टाच्या देखत त्या लाकडी कठड्यापर्यंत चालत जायचं. दोन्ही बाजूंचे वकील तुला नखशिखान्त न्याहाळत असतात, पिंजऱ्यातला आरोपीसुद्धा. खुर्चीवर टेकायच्या आत कुठल्याही वकिलाने "चॅलेंज" म्हटलं की संपलं, कारणही सांगत नाहीत, मान खाली घालून परत. मला कुणी म्हटलं नाही. बहुधा माझी चप्पल पाहून निरुपद्रवी वाटले असेन.

आत काय बोललो ते सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि मी गुपित फोडताना फक्त कायद्यालाच भिते. पण एवढं सांगते, की एक सामोअन आजी होती, ती बिस्किटाचा डबासुद्धा आधी दुसऱ्याकडे सरकवायची. बसड्रायव्हर होता, कॉफी विकणारी पोरगी होती. आणि कुणीही, एकानेही, घड्याळाकडे बघितलं नाही. बारा परकी माणसं एका बारक्या खोलीत दुसऱ्याच्या आयुष्याचं काहीतरी ठरवत होती आणि सगळ्यांना त्याची भीती वाटत होती. ती भीती मला फार आवडली. घरी आल्यावर रमणला म्हटलं, देवळातसुद्धा माणसं इतकी घाबरून बसत नाहीत. म्हणून मंडळाचं निवेदन मी मनापासून लिहायला घेतलं. गाढवपणा बघ माझा.

मग पुढच्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. गणपतीच्या आरतीचं वेळापत्रक, त्याखाली मोदकांची ऑर्डर, आणि त्याखाली, जशी काही तीही एक प्रसादाचीच ऑर्डर: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ज्यांना ज्यांना मनुकाऊ कोर्टाकडून जूरीचं बोलावणं आलं असेल त्यांनी काशिनाथकाकांना पर्सनली कळवावे. खाली सतरा जणांनी हात जोडले.

ते बोलावणं आमच्या घरी आलं होतं. रमणच्या नावाने.

या वेळी त्याला इंग्रजी यायला लागलं होतं. त्याने पाकीट फ्रिजवर चुंबकाने लावलं आणि काशिनाथांना फोन करायला बाहेर गॅरेजमध्ये गेला. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे डबे यायला लागले. मंडळातल्या कांचनकडून गव्हाची खीर, आणखी कुणाकडून सांज्याच्या पोळ्या, काशिनाथांच्या घरून खव्याच्या साटोऱ्या. इतकी वर्षं या देशात आहे, माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा कुणी वरणाची वाटी आणली नव्हती. मी तरी वेडी, रिकामा डबा परत करायचा नाही या आईच्या शिकवणीला जागून प्रत्येक डब्यात काहीबाही घालून परत पाठवत होते. चकल्या, लिंबाचं लोणचं. म्हणजे व्यवहाराला मीही हातभार लावत होते, फक्त मला व्यवहार काय तो कळला नव्हता.

तो काशिनाथांनी येऊन समजावला. गेल्या रविवारी, आमच्या जेवणाच्या टेबलाशी. तुला माहीत आहे ते कसे बोलतात, आयुष्यभर पुलांचे आराखडे केलेला माणूस, मीठदाणी इकडे, चमचा तिकडे, मधे वाटी म्हणजे जज. "रमण, जज नावं वाचणार. विचारणार, कुणी यांना ओळखतं का? आता तू काय यशोधनचा नातेवाईक आहेस? नाहीस. मंडळात चारशे माणसं. तेवढ्याला ओळख म्हणतात का? गप्प बसायचं. आत गेल्यावर भांडायचं नाही, वाद घालायचा नाही. नुसतं म्हणायचं, माझी खात्री पटत नाही." श्रिया तिथे टोस्ट खात होती. ती म्हणाली, "अंकल, दॅट्स लिटरली अ क्राइम." काशिनाथ हसले. अगदी प्रेमाने. "अगं बाळ, आपण काही करतोय का? आपण फक्त बसतोय. तहसील कचेरीत आपला माणूस असला की काम सोपं होतं, एवढंच." श्रियाला तहसील कचेरी कळली नाही. मला कळली. अख्खं बालपण मी बाबांच्या मागे उन्हात उभी राहून आपला माणूस शोधलाय.

मी म्हटलं, काशिनाथभाऊ, तुमचा हिशोब कच्चा आहे. इथे बारांपैकी अकरा जणांचं मत पडलं तरी जज ते धरू शकतो. एकटा रमण आत बसून काय करणार? मला वाटलं, जिंकले. त्यांनी मीठदाणी उचलली आणि तिच्याशेजारी मिरपुडीची बाटली ठेवली. "बरोबर आहे वहिनी. एक पुरत नाही. दोन लागतात. दोघांनी धरून ठेवलं की निकालच लागत नाही. मग पुन्हा तारीख, पुन्हा वर्ष. एवढ्या वेळात पोरीचा राग निवतो, येते घरी. दुसऱ्याची सोय झालीय." कोण, असं मी विचारलं. त्यांनी साटोरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "तुम्ही निवेदन पुरं करा."

तेव्हापासून मी त्या मिरपुडीच्या बाटलीकडे बघतेय, मृदुला. भाजीत घालायला हात होत नाही.

मला तुझं पहिलं हळदीकुंकू सारखं आठवतंय. जानेवारीची अखेर, सगळ्या बायका घामाने निथळत होत्या, आणि तू पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून आलीस. मी मनात म्हटलं, पुण्याची नवीन आहे, हिला वाटलं इथे कायम बर्फ पडतो. अत्तर लावायला तू हात पुढे केलास, बाही वर सरकली, आणि मनगटावर चार बोटं उमटलेली दिसली. हिरवी, कडांना पिवळी. मागच्या खोलीतून यशोधन खाकरला. मंडळाच्या स्टेजवर सूत्रसंचालन सुरू करायच्या आधी तो खाकरतो ना, तसाच. त्या खाकरण्याने हॉल शांत होतो, लोक सावरून बसतात, किती रुबाब आहे म्हणतात. त्या दिवशी मी तुझा हात धरला होता म्हणून मला कळलं, की तुझी बोटं एकदम थंड पडली. मी अत्तर लावलं, बाही खाली केली. त्या वर्षी वाण म्हणून स्टीलचे छोटे डबे वाटत होते. तुझ्या डब्यात मी आमच्या मागच्या दाराची किल्ली टाकली.

गेल्या वर्षी मे महिन्यात तू आलीस, सकाळी, पायात रबरी जॅन्डल्स, अंगात त्याचंच जॅकेट. हातात तोच डबा. किल्ली परत करायला म्हणालीस, जशी काही पुस्तक परत करतेय लायब्ररीत. मी डबा उघडला तर किल्लीसोबत मूठभर साखर. मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिले. ओठ फुटलेला, घरातून पळून आलेली, आणि तरी रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून साखर घालून आणलीस. कधी घातलीस गं ती? तो आंघोळीला गेलेला असताना? त्या साखरेबद्दल मी आजवर एक अक्षर विनोदी लिहिलेलं नाही. बाकी सगळ्या जगाबद्दल लिहिलंय.

तुला विमानतळावर मी सोडलं हे कुणालाच माहीत नाही, रमणलाही नाही. म्हणून तर माझ्यासमोर सगळे मोकळेपणी बोलायचे. तू गेल्यावर कांचन म्हणाली होती, "काहीतरी असेल हो तिचंच, तो किती हसतमुख." मी म्हटलं, हो ना, सगळे दात दिसतात. ती हसली. माझ्या बोलण्यावर लोक हसतात आणि तिथेच थांबतात. या धंद्याचा हा तोटा.

रमण वाईट माणूस नाही. तुझ्या घरचा नळ गळायचा तेव्हा तोच यायचा पाने घेऊन. सोमवारी तो कामावरून आल्यावर मी विचारलं, तू खरंच करणार आहेस हे? तो म्हणाला, "मी खोटं बोलणार नाहीये. नुसता बसणार. नवरा-बायकोतली गोष्ट, बारा परक्यांनी कशाला चिवडायची?" मी म्हटलं, जज विचारेल तेव्हा गप्प बसशील ना? "गप्प बसणं म्हणजे खोटं नव्हे. आणि शेवटी यशोधन आपला आहे, विभा." मी विचारलं, आणि मृदुला कुणाची? तो इस्त्री तापली का बघायला उठला. निळ्या रेघांचा शर्ट काढला होता, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला घेतलेला. तेव्हा त्याला मी इस्त्री केली होती. या वेळी स्वतः केली, कॉलर दोनदा.

मी बुधवारी बोलले. घरातून नाही, पॅक अँड सेव्ह सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून. तुझ्या केसची ती पोलीस बाई, जी फोन उचलताना "किआ ओरा" असं म्हणते की वाटतं आपली चुलत बहीण आहे, तिला सगळं सांगितलं. काशिनाथांची मीठदाणी, मिरपूड, सगळं. आणि माझ्या नवऱ्याचं नाव, स्पेलिंगसकट. ती मधे थांबली आणि म्हणाली, "यू ओके?" मी अगदी मजेत असल्यासारखं म्हटलं, "स्वीट अ‍ॅज." मग शेजारच्या गाडीतली बाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मी रडू आवरलं.

काल रमणला कोर्टातून फोन आला, तुम्ही येऊ नका. चौकशीलाही बोलावतील म्हणे. त्याने मला विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत. तो जेवला, ताट धुतलं, आणि दिवाणखान्यात झोपला. शर्ट अजून दाराला टांगलेला आहे, इस्त्रीचा. मंडळाच्या ग्रुपमधून काशिनाथांनी मला काढलं. नाटुकलं दुसऱ्या कुणाला दिलं म्हणे, देव त्या प्रेक्षकांचं भलं करो. आणि आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर माझा डबा. चकल्यांचा, काशिनाथांच्या घरी गेलेला. स्वच्छ घासलेला, पुसलेला, झाकण बाजूला काढून ठेवलेलं, आत बघायची तसदी पडू नये म्हणून. रिकामा. आपल्या बायका भांडतात, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पण डबा रिकामा देत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे टाकतात. मी थंडीत तिथेच उभी राहिले. धमकीच्या चिठ्ठीने मी एवढी घाबरले नसते.

निवेदन मी पाठवलं नाही. टेबलावर पडलंय, बारामुखी परमेश्वरासकट. लोक विचारतायत जूरी ठेवावी की काढावी, आणि मला आता एवढंच दिसतं की त्या सामोअन आजीच्या खुर्चीवर रमण बसणार होता. एकट्या जजच्या घरी कुणी साटोऱ्या पाठवल्या नसत्या. पण मला त्या आजीला घरी पाठवायचं नाहीये. काय लिहू, सांग. सोमवारनंतर लिहीन.

आता मुद्द्याचं. दुसरा माणूस अजून तिथेच आहे. काशिनाथांनी काल कांचनकडे हसत सांगितलं म्हणे, "एक गेला तर एक आणू, आठवडा कुठे संपलाय." पोलीस बाईने मला नाव विचारलं. नाव माझ्याकडे नाही. तिच्याकडे बोलावलेल्यांची यादी आहे, पण त्यात आपल्यासारखी आडनावं कितीतरी, आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात मंडळाचा सामोसा खाल्लेला नाही. सरकारी वकिलाला कारण न देता चारच जणांना नको म्हणता येतं. आणि तो आपला असेलच कशावरून? यशोधनच्या क्रिकेट टीममधला एखादा डेव्ह असेल, ऑफिसातला कुणी असेल, शुक्रवारी तुमच्याकडे बिअर प्यायला जमायचे त्यातला. मी ते चेहरे पाहिलेले नाहीत. तू पाहिलेत. तू त्यांना दर शुक्रवारी गरम पोळ्या वाढल्यास, आणि त्यांनी कधी मान वर करून तुझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तू त्यांना ओळखतेस, ते तुला ओळखत नाहीत. या जगात एवढीच एक गोष्ट यशोधनने चुकून तुझ्या बाजूची करून ठेवलीय.

तू साक्ष वेगळ्या खोलीतून, टीव्हीवरून देणार आहेस. ते तसंच राहू दे, त्याच्याकडे बघून बोलायची गरज नाही. पण टीव्हीचं असं आहे, की तू त्या बारा जणांना दिसशील आणि ते तुला दिसणार नाहीत. म्हणून हे पत्र. पोलीस बाई रविवारी तुला विचारणार आहे: तारीख पुढे ढकलू का, म्हणजे बहुधा पुढचं वर्ष, की चिठ्ठ्या काढतात तेवढा वेळ तू कोर्टात मागे येऊन बसशील? ती इतक्या सभ्यपणे विचारेल की तू इंग्रजीत "नो वरीज" म्हणून मोकळी होशील आणि मग रात्रभर थरथरशील. त्याआधी तू मराठीत माझ्यावर चिडावंस, म्हणून मी आधी विचारतेय. पुढचं वर्ष घेतलंस तर मी एक शब्द बोलणार नाही, तोवर भांडायचं बळ माझ्यात आहे. पण आलीस, तर एकेक जण बाकावरून उठून कठड्याकडे चालत जाईल, तेवढाच वेळ आहे, टेकायच्या आत. ओळखीचा चेहरा दिसला की पोलीस बाईचा दंड दाब, बाकी ती बघेल. यशोधन पिंजऱ्यात असेल, वीस पावलांवर, आणि तू आलेली त्याला दिसशील. मी तुला खोटा धीर देत नाही. तो खाकरेल. तुझी बोटं थंड पडतील, मान खाली जाईल, आणि नेमकं त्याच क्षणी कुणीतरी तुझ्यासमोरून चालत जाईल. म्हणून मी तुझ्या शेजारी बसणार आहे, अख्ख्या मंडळाच्या देखत, तुझा हात धरून. आणि तो खाकरला की मी नाक शिंकरणार आहे, एवढ्या मोठ्याने की जजने मला बाहेर काढावं. मातारिकीपासून जपलेली सर्दी आहे, मृदुला, वाया जाऊ देणार नाही. तू फक्त मान वर ठेव.

तुझीच,
विभाताई

ता. क. मेतकुटाचा डबा परत आणायची घाई नाही. आणलास तर रिकामा आण. तुझ्याकडून चालेल.